सहा इंच दोन सूत : जुन्या सागवानी दारातून झालेली कॉम्प्युटरची पेटी

ठाण्याच्या नौपाड्यातली मावशीची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हा काकांनी माजघराच्या दाराची दोन्ही झडपं काढून घेतली. तीन वर्षं भाड्याच्या घरात ती पलंगाखाली पडून होती. नव्या टॉवरमध्ये त्यांना जागाच नव्हती, म्हणून बाल्कनीत उभी केली. तर मावशी म्हणाली, "यांचं काहीतरी करा, नाहीतर भंगारात द्या. मला कपडे वाळत घालायला दोरी पुरत नाही." त्याच सुमाराला, म्हणजे २०२४ च्या फेब्रुवारीत, काकांना टीव्हीखाली कॉम्प्युटर हवा होता आणि मावशीची अट होती की तिथे काळा डबा दिसता कामा नये. दाराच्या लाकडाची पेटी करून कॉम्प्युटर त्यात बसवायचा, ही कल्पना माझी. पुढे जे चुकलं त्यातलं बरंचसं माझ्याच खात्यावर जमा आहे, म्हणून हे सगळं मांडून ठेवतो.

कॉम्प्युटरच कशाला, टीव्हीत सगळं असतंच की, हा प्रश्न मीही विचारला होता. पण काकांनी निवृत्तीनंतरची चार वर्षं घरातल्या व्हिडिओ कॅसेटी आणि मावशीच्या गाण्याच्या ध्वनिफिती डिजिटल करण्यात घालवली आहेत. मुंजी, लग्नं, कोकणातल्या सहली, तिच्या बैठकी, असा तीन टीबींच्या आसपासचा ऐवज दोन हार्ड डिस्कवर होता: एक मूळ, एक नक्कल. तो कोडीसारख्या प्रोग्रॅममध्ये नीट लावला की सोफ्यावर बसून रिमोटने चाळता येतो. (कोडी म्हणजे पूर्वीचं एक्सबीएमसी, २०१४ साली नाव बदललं.)

माझ्याकडे एक इंटेलचा आय-३ १२१०० प्रोसेसर आणि मिनी-आयटीएक्स (म्हणजे छोट्या चौरस आकाराचा) मदरबोर्ड रिकामा पडला होता. हा प्रोसेसर नव्या एव्ही१ पद्धतीचे व्हिडिओ स्वतःच्या ग्राफिक्सवर उलगडतो, त्यामुळे यूट्यूबवरही धापा टाकत नाही. आज कोणी विचारलं तर मी सांगेन की सहा वॅटचा इंटेलचाच एन-१०० प्रोसेसर घातलेला तळहाताएवढा तयार डबा घ्या आणि दाराचं स्टूल करा. तेव्हाही हे सुचलं होतं. पण हातात असलेली वस्तू टाकून नवी विकत घेणं आमच्या घराण्यात बसत नाही.

मापं

टीव्ही युनिटमधला कप्पा १८ इंच रुंद, १६ खोल, ७ उंच. त्यात पेटी बसवायची ती ४०० × ३२० × १३० मिमी. सुतारकामाला काकांचे ओळखीचे मिस्त्री, मूळचे कोकणातले, ठाण्यात तीस वर्षं काढलेले. मी त्यांना मिलिमीटरमध्ये काढलेला नकाशा दिला. त्यांनी चष्मा वर केला, नकाशा उलटा-सुलटा केला आणि म्हणाले, "दादा, हे एकशे अठ्ठावन्न पॉइंट पंच्याहत्तर कुठल्या टेपवर बघायचं?"

सुताराचं माप इंच आणि सूत. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिमीच्या किंचित वर. मला वाटलं, इथे घोळ होणार. कॉम्प्युटरचं काम अर्ध्या मिमीचं, आणि हे बोलणार सुतात. मिस्त्रींनी टेप लावली. मदरबोर्डच्या मागच्या जोडण्यांसाठी पेटीला जी आयताकृती खिडकी ठेवावी लागते तिचं माप १५८.७५ × ४४.४५ मिमी. टेपवर ते निघालं सहा इंच दोन सूत बाय एक इंच सहा सूत. बरोब्बर, केसभरही इकडेतिकडे नाही. हे माप जन्मालाच इंचात आलेलं आहे. त्याचं मिलिमीटरमध्ये रूपांतर करून मीच ते वेडंवाकडं केलं होतं. मिस्त्री काही बोलले नाहीत. पेन्सिल कानामागे अडकवून कामाला लागले. मला मात्र तो दिवस पुरला.

प्रत्येक माप असं सुतात बसत नाही, हे लगेच दुसऱ्या दिवशी कळलं. बोर्ड १७० मिमी चौरस, पण तो बसवायची चार भोकं चौकोनात नसतात. तीन कोपऱ्यांत असतात आणि मागच्या बाजूचं एक भोक, जोडण्यांना जागा द्यावी लागते म्हणून, २३ मिमीच्या आसपास आत सरकलेलं असतं. मिस्त्रींनी सवयीने चौकोन आखला, प्लायला भोकं पाडली, आणि बोर्ड तीनच खुंट्यांवर उभा राहिला. चूक त्यांची नव्हती. नकाशात मी भोकं दाखवली होती, अंतरं लिहिली नव्हती. त्या दिवसापासून मी पुठ्ठ्यावर प्रत्यक्ष बोर्ड ठेवून भोकं उमटवायला लागलो.

दार फोडताना

झडपाच्या उभ्या पट्ट्यांतून बाजूच्या आणि पुढच्या फळ्या निघाल्या, बारा मिमी जाडीच्या. झाकणाला दाराच्या मधल्या पॅनलची बारा इंच रुंद एकसंध फळी. एवढ्या रुंदीचं अखंड सागवान आज वखारीत मागितलं तर माणूस आधी तुमचे कपडे बघतो. तळाला मात्र आयएस ७१० या भारतीय मानकाचा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घेतला, कारण तळ कोणाला दिसत नाही आणि प्लायच्या थरांतल्या रेषा एकमेकींना आडव्या असल्यामुळे तो ओल्या हवेत फारसा हलत नाही. हे कारण मला तेव्हा तळापुरतं माहीत होतं. झाकणाला ते लावायचं सुचलं नाही.

जुन्या दारात खिळे असणारच. वर दिसणारे आम्ही काढले. आत तुटून राहिलेला एक, बहुधा कॅलेंडर टांगायचा, मशिनच्या रंध्याखाली आला आणि पात्याचा दात गेला. मिस्त्रींनी मग जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून प्रत्येक फळीवरून फिरवलं. आणखी चार सापडले. जुनं लाकूड वापरणाऱ्याने हे आधी करावं. पात्याला धार लावण्याचे पैसे लोहचुंबकापेक्षा जास्त होतात.

रंधा मारताना एक गोष्ट दिसली होती. पॅनलच्या चारही कडांना अर्ध्या इंचाचा एक फिकट पट्टा होता. बाकी फळी पॉलिशने आणि साठ वर्षांच्या धुराने काळपट झालेली, पण कडेला लाकूड कोरं, नुकतं कापल्यासारखं. मी म्हटलं, बरं झालं, एवढा भाग साफच आहे. रंधा फिरला, पट्टा गेला. पट्टा का होता हे जुलैत कळलं.

मागची बाजू लाकडाची नको

पहिल्या आवृत्तीत पाठही बारा मिमी लाकडाची होती. दिसायला सुंदर. पण बोर्डाबरोबर येणारी जोडण्यांची पत्र्याची पट्टी एक-सव्वा मिमी जाड पत्र्यात अडकावी अशीच घडवलेली असते. बारा मिमीच्या लाकडात ती अडकत नाही, आणि सगळी सॉकेटं विहिरीच्या तळाशी गेल्यासारखी आत जातात. एचडीएमआयची पिन जेमतेम पोचायची. चित्र यायचं, आणि कोणी टीव्ही युनिटचा खण ओढला की जायचं. काकांनी दोन दिवस टीव्हीला दोष दिला.

मग वागळे इस्टेटमध्ये पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलो. अठरा गेज, म्हणजे १.२ मिमीच्या पत्र्यातून लेझरने कापून, काटकोनात वाकवून एकच तुकडा करून घेतला: आडवा भाग बोर्डाखालचा ट्रे, उभा भाग पेटीची पाठ. खिडकी, पंख्याची भोकं, पितळी खुंट्यांची भोकं सगळी त्यातच. वर काळं पावडर कोटिंग. खुंट्या जिथे बसतात तिथलं कोटिंग मी पॉलिश पेपरने खरवडून काढलं, कारण बोर्डाच्या भोकांभोवतीची कडी पत्र्याला टेकून अर्थिंग मिळावं असा हिशोब असतो आणि कोटिंग वीज अडवतं. हा तुकडा लाकडी पेटीत मागून सरकतो आणि चार स्क्रूंनी धरतो. बोर्ड काढायचा तर लाकडाला हात लावावा लागत नाही. पुन्हा अशी पेटी केली तर मी आधी हा पत्रा काढेन आणि लाकूड त्याच्याभोवती बेतेन. आम्ही उलटं केलं.

विजेचा निर्णय त्या मानाने सोपा होता. २३० व्होल्ट लाकडी पेटीत आणायचेच नाहीत. बारा व्होल्ट, दहा अँपिअरचा अडॅप्टर कप्प्याच्या मागे जमिनीवर ठेवला, आणि आत बोर्डच्या सॉकेटमध्येच बसणारं छोटं डीसी पॉवर सप्लाय लावलं. एकशे वीस वॅट पुरतील का? चालू होताना साडेतीन इंची हार्ड डिस्क बारा व्होल्टवर दीड-दोन अँपिअर ओढते. दोन मिळून चार धरा. म्हणजे पहिले काही सेकंद ४८ वॅट नुसत्या डिस्कांचे. प्रोसेसरला बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमधून, ३५ वॅटचा लगाम घातला. व्हिडिओ बघायला त्याच्या निम्मेही लागत नाहीत.

ऊब आणि घुमणं

लाकूड उष्णता वाहून नेत नाही, त्यामुळे आतलं सगळं तापेल, अशी भीती मला अनेकांनी घातली होती. ती अर्धीच खरी आहे. पत्र्याच्या पेटीतही बहुतेक उष्णता वाऱ्याने बाहेर जाते, भिंतींतून नाही. वाऱ्याला वाट असेल तर पेटी कशाची याने फार फरक पडत नाही. आमच्याकडे वाट होती: तळाला फटी, खाली बारा मिमीचे रबरी पाय, मागे ९२ मिमीचा पंखा, प्रोसेसरवर नॉक्टुआचा ३७ मिमी उंचीचा चपटा कूलर. प्रोसेसर एप्रिलमध्येही पन्नाशीच्या पुढे जाईना. तापल्या त्या हार्ड डिस्क. संध्याकाळी दोन तास चालल्यावर ५४ अंश, आणि अशा डिस्कांची कमाल मर्यादा साधारण साठ असते.

कारण पेटीत नव्हतं, कप्प्यात होतं. पंखा गरम हवा मागे फेकायचा, कप्प्याच्या मागच्या प्लायवर ती आपटायची आणि खालून पुन्हा पेटीत शिरायची. तीच हवा, तीच पेटी, दोन तास. मिस्त्रींनी कप्प्याची पाठ कापली, कडेने फक्त इंचभर पट्टी ठेवली. युनिट आणि भिंतीमध्ये वायरींसाठी तीन इंच जागा होतीच. डिस्क ४४ वर आल्या. तळाच्या फटींना आतून स्टीलची डासांची जाळी लावली, कारण ऊबदार अंधारी पेटी म्हणजे ठाण्यातल्या झुरळांना आयतं बाळंतघर. जाळीने वारा थोडा अडतो. तो हिशोबात धरला.

घुमण्याचा दोष मात्र कुठल्याच आकड्यात दिसत नव्हता, तो मावशीने काढला. पेटी पहिल्यांदा चालू केली तेव्हा मला शांत वाटली. मावशी स्वयंपाकघरातून आली, उभी राहिली, म्हणाली, "हे काय लावलंय? पांढरी चार पण नाही, काळी तीन पण नाही, मधेच कुठेतरी कण्हतंय."

मी हसलो, मग हिशोब केला. (पांढरी चार, काळी तीन म्हणजे हार्मोनियमवरच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्या.) डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या. सेकंदाला नव्वद. पांढरी चारचा खालचा स्वर सेकंदाला ८७ कंपनांच्या थोडा वर, काळी तीन साडेब्याण्णवच्या आसपास. नव्वद म्हणजे दोन्हींच्या बरोब्बर मध्ये. शिवाय दोन डिस्कांचा वेग अगदी सारखा नसतो, त्यामुळे तो आवाज मंदपणे चढायचा-उतरायचा, जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यासारखा. पत्र्याच्या पेटीत याच डिस्क खडखडल्या असत्या. कोरड्या सागवानाच्या पातळ फळ्यांनी तो स्वर उचलून धरला. वाद्य करायला सागवान वापरतातच, आम्ही नकळत एक केलं होतं.

उपाय स्वस्त निघाला. डिस्क लाकडाला लावलेल्या पट्टीवरून काढून पत्र्याच्या ट्रेवर घेतल्या, आणि प्रत्येक स्क्रूखाली स्कूटरच्या सुट्या भागांच्या दुकानातून आणलेलं मऊ रबरी बूश घातलं. स्क्रू आवळून घट्ट केला तर बूश दबून निरुपयोगी होतं, हे एकदा करून कळलं. मावशीने पुन्हा कान लावला. "आहे," ती म्हणाली, "पण आता मी गायला बसले तर चालेल."

रिमोटचं थोडक्यात सांगतो. टीव्हीचाच रिमोट कॉम्प्युटरलाही चालेल असं काकांनी गृहीत धरलं होतं, पण एचडीएमआयमधून रिमोटचे हुकूम पोचवणारी सीईसी ही सोय डेस्कटॉप बोर्डांवर सहसा नसते. बिनतारी छोटा कीबोर्ड-रिमोट घेतला. त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर, मागच्या यूएसबी ३ च्या सॉकेटशेजारी होता तेव्हा बटणं गचके खायची. यूएसबी ३ चा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. एक वायर टाकून डोंगल आतून पुढच्या फळीमागे आणला. लाकूड रेडिओ लहरी अडवत नाही, त्यामुळे बाहेर काहीच लोंबत नाही. मावशीला पेटीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट ही.

जुलै

मार्च ते जून पेटी सुरळीत चालली. झाकण मी आग्रहाने घट्ट बेतून घेतलं होतं: पुढची पट्टी आणि मागची पट्टी यांच्यामध्ये कागद जाईल एवढीच फट. मिस्त्री म्हणाले होते, "थोडी ढिली ठेवू." मी म्हटलं, "लाकूड साठ वर्षं मुरलेलं आहे, आता काय हलणार?"

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आठ दिवस थांबला नाही. पंखा करकरायला लागला म्हणून झाकण काढायला गेलो तर ते निघेना. नखाने नाही, पटाशीच्या टोकाने नाही. फळी मधून पाठीसारखी उचललेली, आणि पुढच्या कोपऱ्यातला सांधा केसभर उघडलेला. झाकणाने पेटीच आतून ढकलून फोडायला घेतली होती.

मुरलेलं लाकूड हलत नाही हा समज माझ्यासारख्या बऱ्याच जणांचा असतो. मुरणं म्हणजे मूळचा रस सुकणं. हवेतला ओलावा घेणं आणि सोडणं लाकूड शंभर वर्षांनीही थांबवत नाही. ओलावा एक टक्का वाढला की सागवान रेषांच्या आडव्या दिशेने शेकडा ०.२ च्या आसपास रुंद होतं. रेषांच्या दिशेने जवळपास काहीच नाही. माझं झाकण आडव्या दिशेने तीनशे मिमी. मार्चच्या कोरड्या दिवसांपासून जुलैपर्यंत चार-पाच टक्के ओलावा चढला तर अडीच-तीन मिमी. सुताराच्या भाषेत, एक सूत. बाजूच्या फळ्यांच्या रेषा मात्र पुढून मागे जाणाऱ्या, त्या लांबीत वाढणार नव्हत्या. मग सांध्याने जायचं कुठे?

फुगवट्याला आणखी एक कारण होतं. पॉलिश फक्त वरून मारलेलं, आतली बाजू कोरी, आणि तिला रोज संध्याकाळी आतून शेक. एक अंग ओलं, एक अंग सुकं.

मिस्त्री आले. झाकण कापूनच काढावं लागलं. मला वाटलं आता ऐकवतील. ते काही न बोलता बाल्कनीत गेले, दुसरं झडप उजेडात धरलं आणि पॅनलच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून हलवलं. पॅनल चौकटीत खडखडला. साठ वर्षांनीही सुटा.

"हा कधी चिकटवतच नाहीत," ते म्हणाले. "खाचेत नुसता सोडतात. पावसात खाचेत घुसतो, उन्हाळ्यात बाहेर येतो."

तो फिकट पट्टा म्हणजे खाचेत लपलेली कड होती. तिथे ना पॉलिश पोचलं होतं, ना धूर. लाकडानेच आपल्या कडेवर लिहून ठेवलं होतं की मला इथे जागा लागते, आणि मी त्यावर रंधा फिरवून घेतला होता.

"मग फेब्रुवारीत का नाही सांगितलंत?"

"सांगितलं ना. ढिली ठेवू म्हटलं होतं."

नवं झाकण दारासारखंच केलं. चारी बाजूंनी दोन इंची चौकट, तिच्यात सूतभर रुंद खाच, मध्ये दुसऱ्या झडपातला पॅनल, कडा निमुळत्या करून, पुढे-मागे दीड-दीड मिमी मोकळा. फेविकॉल फक्त चौकटीच्या कोपऱ्यांना. पॅनलला लाखेचं पॉलिश दोन्ही बाजूंनी, कडांनाही, आणि बसवण्याच्या आधी. म्हणजे उन्हाळ्यात तो आक्रसला तरी कोरी रेघ दिसणार नाही. चौकटीचा बाहेरचा आकार फारसा बदलत नाही, कारण रुंदीत हलायला तिथे फक्त दोन-दोन इंचांच्या पट्ट्या आहेत. पुढचा सांधा उघडून पुन्हा चिकटवला. चिरेची खूण आहे. मावशीने तिच्यापुढे घरच्या गणपतीचा फोटो ठेवला आहे.

हिशोब: मिस्त्रींचे पहिल्या वेळी चार दिवस, दुसऱ्या वेळी दीड. पत्रा, पॉलिश, पंखा, बूश, पात्याची धार धरून अकरा हजारांच्या आसपास. बाजारात या आकाराची पत्र्याची चांगली पेटी याच्या निम्म्यात मिळते.

२०२५ च्या पावसाळ्यात मी दर पंधरवड्याला फटीत पट्टी घालून बघत होतो. पॅनल ऑगस्टमध्ये खाचेत सगळ्यात आत गेला. झाकण एका बोटाने निघत होतं. काका तेव्हा १९९१ च्या कुठल्याशा मुंजीची कॅसेट तिसऱ्यांदा बघत होते. दुसऱ्या झडपाचा सांगाडा, मध्ये खिडकीसारखं एक भोक घेऊन, अजून बाल्कनीतच आहे. त्याच्यावर टॉवेल वाळतात.